व्हॉल्व्हची गुणगुण

नाशिक जिल्ह्यातल्या नामपुरातला जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणि कन्याकुमारीतला तसाच दुसरा, दोन्ही बिघडले की एकाच सुरात गुणगुणतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे वीजजाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि साऱ्या भारताची वीज सेकंदाला ५० आवर्तनांच्या एकाच चालीने धावू लागली. नामपूरच्या मोसम नदीकाठचे शेतपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली-वर होते, पण ही चाल फारशी ढळत नाही. म्हणूनच या गुणगुणीचे, मेकॅनिकच्या बोलीत ‘हम’चे, मूळ बरेचसे कानानेच सापडते.

नाशिक जिल्ह्याचा या यंत्रांशी जुना धागा आहे. काँग्रेसच्या सभांना ‘शिकागो रेडिओ’चे लाऊडस्पीकर पुरवणारे नानिक मोटवाने १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात आरोपी होते. त्याच घराण्याची कंपनी नाशिक रोडला मल्टिमीटर बनवते, आणि जुना अँप्लिफायर उघडल्यावर हातात पहिल्यांदा येते ते हेच हत्यार.

सभेतला माईक असो वा ग्रामोफोनचा मॅग्नेटिक पिकअप, त्यातून येणारा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा. तो वाढवण्याचे पहिले काम प्रीअँपचे. पुरवठ्यातून आत शिरलेला कचराही मग त्याच्याबरोबर वाढतो. तबकडीच्या प्रीअँपची अडचण आणखी मोठी. रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज त्याला पुन्हा उचलावा लागतो, त्यामुळे ५० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे सातपट वाढतो.

हम मुख्यतः दोन जातींचा. व्हॉल्व्हचा फिलामेंट बहुधा ६.३ व्होल्टच्या एसीवर तापतो. तिथून गळणारा हम ५० हर्ट्झचा, मऊ आणि जड. दुसरा उच्च दाबाच्या डीसीतला. रेक्टिफायर एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून उरलेली लहर १०० हर्ट्झची, जरा खरखरीत. दोहोंत बरोबर एका सप्तकाचे अंतर. १०० हर्ट्झचा सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर बसतो. पेटी वाजवणाऱ्याला तो पकडणे अवघड नाही.

मग व्हॉल्यूम फिरवून पाहायचा. हम त्याबरोबर कमी-जास्त झाला तर दोष कंट्रोलच्या आधीच्या टप्प्यात. जागचा हलला नाही तर पुढच्या. एवढे कळण्याआधी पार्ट बदलत सुटणे म्हणजे पैसे पाण्यात.

१०० हर्ट्झच्या हमचा पहिला संशयित इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. पंपाचे पाणी धक्क्याधक्क्याने टाकीत पडले तरी नळाला एकसारखी धार लागते. वीजपुरवठ्यात ती टाकी म्हणजे हा कपॅसिटर. चाळीस-पन्नास वर्षांत त्याच्या आतला द्रव सुकतो, ॲल्युमिनियमच्या डब्याच्या बुडाशी कधी पांढरी पूड जमते. नवा घालताना मूळ क्षमतेच्या आसपासचाच घ्यावा. मोठा तो चांगला, हा हिशेब इथे चालत नाही: ईझेड८१ या रेक्टिफायर व्हॉल्व्हला पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा जोडला, तर सुरुवातीच्या प्रवाहाच्या लोंढ्याने व्हॉल्व्हचेच आयुष्य घटते.

खरा फरक पुढच्या गाळणीने पडतो. प्रीअँपला जाणाऱ्या तारेत २२ हजार ओहमचा रेझिस्टर आणि त्यानंतर अर्थला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढेच लावायचे. १०० हर्ट्झला त्या कपॅसिटरचा अडथळा जेमतेम ७२ ओहम, म्हणजे लहर सुमारे तीनशे पटींनी घटते. मोबदल्यात दोन मिलिअँपिअर प्रवाहाला ४४ व्होल्ट खर्ची पडतात. २५०-३०० व्होल्टच्या पुरवठ्याला तो सौदा बहुधा परवडतो.

५० हर्ट्झचा हम असेल तर फिलामेंटच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून चासीच्या कडेने न्याव्यात. दोघींची चुंबकीय क्षेत्रे बरीचशी एकमेकांना मारतात. तरीही ऐकू आला तर ईसीसी८३ सारखा व्हॉल्व्ह १२.६ व्होल्टच्या डीसीवर तापवता येतो, प्रवाह लागतो फक्त १५० मिलिअँपिअर. अर्थच्या तारा चासीवर जागोजागी टेकवल्या असतील तर त्या एका बिंदूवर आणाव्यात. काही जण हम जावा म्हणून प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. हम कदाचित जातोही, पण आत कुठे लाईव्ह वायर सुटली तर सगळी चासी जिवंत होते.

स्विच बंद केला, प्लग काढला, तरी कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट टिकून असू शकतात. रेझिस्टर लावून ते उतरवावेत, मल्टिमीटरने शून्याची खात्री करावी आणि मगच आत हात घालावा. जुन्या यंत्राचे रूप जपणारे मेकॅनिक मूळ कपॅसिटरचा डबा वर तसाच उभा ठेवतात, त्याची जोडणी सोडवतात आणि नवे छोटे कपॅसिटर चासीच्या पोटात सोल्डर करतात.