काट्यापाशीच निवाडा : शहरांच्या माहितीचा नवा हिशेब

धान्याच्या घाऊक व्यापारात एक जुना दंडक आहे. पोत्याचे वजन काट्यापाशी होते, मालाची प्रत मूठभर नमुन्यावर ठरते आणि पेढीवर जाते ती केवळ नोंद. प्रत्येक पोते मुख्य पेढीवर नेऊन तेथे मोजू लागल्यास हमालीतच नफा संपावयाचा. शहरांच्या कारभारापुढे आज हाच प्रश्न उभा आहे. फरक इतकाच की, येथील पोती माहितीची आहेत.

केंद्र सरकारची स्मार्ट सिटी योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० शहरांत बेळगाव व इंदूर ही आपल्या अनेक बांधवांची गावे होती. मार्च २०२५ अखेर योजनेची मुदत संपली. परंतु १०० शहरांत उभारलेली नियंत्रण केंद्रे आणि चौकाचौकांतील कॅमेरे मागे राहिले आहेत.

आता हिशेब पाहावा. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट माहिती पाठवितो असे धरल्यास दिवसाला ती सुमारे ४३ गिगाबाइट होते. शंभर कॅमेऱ्यांची ४,३०० च्या घरात जाते. ही सारी रास दूरच्या संगणककेंद्रात, म्हणजे ज्याला 'क्लाउड' म्हणतात तेथे, पाठवावयाची तर वाहतुकीचा व साठवणुकीचा खर्च वाढतो आणि वेळही जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदात ८ मीटर पुढे गेलेली असते. अपघात टाळावयाचा इशारा दूरच्या उत्तराची वाट पाहत थांबू शकत नाही.

यावरचा उपाय म्हणजे 'एज', अर्थात काठावरील गणन होय. खांबावरील कॅमेऱ्याजवळच लहान संगणक बसवावयाचा. त्याने गाड्या मोजाव्या आणि वर केवळ आकडा पाठवावा. दर पाच मिनिटांस एक नोंद धरली तरी दिवसाच्या नोंदी होतात अवघ्या २८८. काठ आणि क्लाउड यांच्या मधल्या पायरीस 'फॉग', म्हणजे धुके, हे नाव आहे. सिस्को कंपनीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ते पुढे आणले. ढग उंच असतो, धुके जमिनीलगत असते. म्हणून हे नाव. विभागातील एक यंत्र दहा-बारा चौकांच्या नोंदी जुळवून सिग्नलांचा मेळ घालते. वर्षाकाठच्या नियोजनाचे आकडे मात्र क्लाउडमध्येच जावेत. काट्यावरचा मापाडी, शाखेचा मुनीम आणि मुख्य पेढी, अशीच ही रचना आहे.

अमेरिकेतील शिकागो शहरात २०१६ पासून 'ॲरे ऑफ थिंग्ज' नावाचा प्रयोग झाला. शिकागो विद्यापीठ व आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळा यांनी रस्त्यावरील खांबांवर यंत्रपेट्या बसविल्या. हवा, तापमान व आवाज त्या मोजीत. कॅमेऱ्याचे चित्र पेटीतच तपासून पादचारी व वाहने मोजावयाची आणि यंत्राच्या पडताळणीपुरती थोडी चित्रे वगळता बाकीची पुसून टाकावयाची, असे धोरण ठरले. ते ठरविण्यापूर्वी नागरिकांच्या सभा घेतल्या गेल्या, ही गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते.

कारण यात आपल्याही हिताचा प्रश्न आहे. कोणाच्या दारी कोणाची गाडी लागली, हे व्यापाराचे गुपित असते. बाजाराच्या फाटकावरील कोंडी सोडविण्यास गाड्यांची संख्या पुरते. प्रत्येक गाडीचा क्रमांक वर्षानुवर्षे साठविण्याचे कारण नाही. जे साठविलेच नाही, ते चोरीसही जात नाही.

तथापि या पद्धतीस दोषही आहेत. खांबावरील यंत्रास ऊन, धूळ व विजेचा लपंडाव सोसावा लागतो. शेकडो पेट्यांची देखभाल करावी लागते, आणि एकही दुर्लक्षित राहिली तर चोराला तीच वाट सापडते. शिवाय चोरी वा अपघाताच्या तपासास चित्र लागतेच. म्हणून ते काही ठराविक दिवस जवळच राखून मग पुसावे, हा मध्यम मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

सबब आपल्या बाजारपेठेत कॅमेरे बसविण्याचा करार करताना सभासद बंधूंनी तीन प्रश्न लेखी विचारावेत : काय साठविणार, कोठे साठविणार आणि किती दिवस? कार्यकारी मंडळाने हा विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, अशी आमची नम्र सूचना आहे.