गॅरेजच्या डोक्यावरची जागा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॉस एंजेलिसमधल्या 32 मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांचा तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2001 ते 2005 या काळात बारकाईने अभ्यास केला. 2012 मध्ये त्यावर पुस्तक निघालं. त्यातली एक नोंद अशी : दर चारांपैकी तीन गॅरेजांत गाडीला थाराच उरला नव्हता. टाकाऊ फर्निचर, खोकी आणि प्लॅस्टिकचे डबे आत, गाडी बाहेर.

अमेरिकेत गॅरेज ही अनेकदा घरमालकाची कार्यशाळाही असते. सुतारकामाचा नाद असेल तर अडचण दुप्पट होते, कारण टेबल सॉवर आठ फुटांची फळी उभी चिरायची तर यंत्राच्या पुढे आठ फूट आणि मागेही तेवढीच मोकळी जागा लागते. जमीन संपली की नजर वर जाते. छताला टांगलेले रॅक किंवा छतावरचा ॲटिक, हे दोन उपाय मग सुचतात. दोन्ही कामाचे आहेत. मात्र वर चढवलेलं प्रत्येक किलो शेवटी कोणत्या लाकडावर उतरतं, हे पाहायचं राहून जातं आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : ॲटिक म्हणजे आपला पोटमाळाच.

वस्तुस्थिती : वाड्यातला पोटमाळा सामान ठेवण्यासाठीच बांधलेला असे. जाड तुळया, त्यांवर कडीपाट. धान्याची पोती, तांब्यापितळेची भांडी आणि वर चढलेली दोन माणसं, एवढं सगळं तो पेलत असे. अमेरिकेतल्या अलीकडच्या घरांचं छप्पर मात्र बहुधा तयार कैच्यांवर उभं असतं. 1950 च्या दशकात दातेरी लोखंडी पट्ट्यांनी लाकडं जोडण्याचं तंत्र आलं आणि कैच्या कारखान्यात बनू लागल्या. पातळ लाकडांचे त्रिकोण, साधारण दोन-दोन फुटांवर उभे केलेले. कैचीची खालची आडवी दांडी छपराला दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर ढकलू न देता बांधून ठेवते, आणि तिलाच खालून छताचे जिप्सम बोर्ड ठोकलेले असतात. तिच्यावर माळा असेल, हे आखणीत धरलेलंच नसतं.

आकडे हेच सांगतात. ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ या नियमावलीच्या आवृत्त्या तिथल्या बहुतेक राज्यांत लागू आहेत. तिच्यात सामान न ठेवण्याच्या ॲटिकसाठी दर चौरस फुटाला 10 पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 49 किलो भार धरला आहे. मर्यादित सामानासाठी तो 20 पौंड होतो. बैठकीच्या खोलीची जमीन 40 पौंडांची असते. म्हणजे प्लायवूडचे तक्ते अंथरल्याने ॲटिकमध्ये चालता येतं, पण त्याची ताकद कणभरही वाढत नाही. उलट तक्त्यांचं वजन त्याच हिशेबातून वजा होतं.

जास्त भार पडला की छत लगेच कोसळतं असं क्वचितच होतं. आधी ते मधोमध किंचित खाली झुकतं, बोर्डांच्या सांध्यांवर सरळ रेषेत तडा जातो, खिळ्यांची डोकी रंगातून बाहेर डोकावू लागतात. या खुणा दिसल्या की वरचं सामान उतरवायला घ्यावं. आणि वाटेत येतात म्हणून कैचीची मधली तिरपी लाकडं कापणं तर कधीच नको. एक लाकूड काढलं की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, आणि ती त्यासाठी बनवलेली नसतात. असा बदल करायचाच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी रेखाटन लागतं.

गैरसमज : रॅकवर 600 पौंड लिहिलंय, म्हणजे 600 पौंड चालतील.

वस्तुस्थिती : तो आकडा रॅकचा आहे, छताचा नाही. बाजारात सर्रास मिळणारा रॅक चार बाय आठ फुटांचा असतो. 600 पौंड म्हणजे 272 किलो. 32 चौरस फुटांनी भागलं तर दर चौरस फुटाला जवळजवळ 19 पौंड होतात. ज्या छताची आखणी 10 पौंडांवर झाली आहे, त्याला हे जवळपास दुप्पट. शिवाय तो आकडा वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असताना धरलेला असतो. एका कोपऱ्यात लेथचे सुटे भाग आणि दुसरीकडे नाताळची माळ, असा प्रकार त्यात बसत नाही.

तक्त्यांचं वजनही अनेकांच्या अंदाजाबाहेर असतं. पाऊण इंची प्लायवूडचा चार बाय आठचा एक तक्ता सुमारे 30 किलोचा, तर एमडीएफचा 43-44 किलोच्या घरात. एमडीएफचे सात तक्ते ठेवले की रॅकची मर्यादा ओलांडलीच.

बसवतानाची चूक त्याहून साधी असते. स्क्रू नुसत्या जिप्सम बोर्डात गेला तर तो काहीच धरत नाही. तो बोर्डाआडच्या लाकडात जायला हवा, आणि ते लाकूड जेमतेम दीड इंच, म्हणजे 38 मिलिमीटर रुंद असतं. त्यामुळे आधी बारीक खिळा टोचून लाकडाच्या दोन्ही कडा शोधायच्या, मध्य काढायचा, तिथे स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडायचं आणि मगच जाड लॅग स्क्रू पिळायचा. कडेला गेलेला स्क्रू लाकूड उभं चिरतो.

गैरसमज : लाकूड ॲटिकमध्ये टाकलं की छान मुरतं.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात ॲटिकमधलं तापमान 50 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत जातं. ओलसर फळी तिथे इतक्या झपाट्याने सुकते की टोकांना भेगा पडतात. आधीच वाळलेली फळीही तिथे शांत राहत नाही. लाकूड भोवतालच्या हवेनुसार ओलावा घेतं आणि सोडतं. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत घरातल्या लाकडाचा ओलावा सरासरी 8 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, नैर्ऋत्येच्या कोरड्या पट्ट्यात 6, तर दक्षिणेच्या दमट किनाऱ्यावर 11.

फरक किती पडतो? रेड ओकची एक फूट रुंद, सपाट चिरलेली फळी 12 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आली तर रुंदीत चार मिलिमीटरहून थोडी जास्त आक्रसते. खणाच्या दर्शनी फळीला एवढं पुरतं. पावसाळी हवेत तो खण अडकणार. म्हणून ॲटिकमधून काढलेलं लाकूड त्याच दिवशी रंध्याखाली घ्यायचं नसतं. ज्या खोलीत काम व्हायचं तिथे पट्ट्यांवर ठेवून त्याला काही आठवडे हवा लागू द्यावी.

गैरसमज : झाकण घट्ट असलं की काहीही वर ठेवता येतं.

वस्तुस्थिती : स्प्रेच्या डब्यांवर 49 अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका असं छापलेलं असतं. ॲटिक ही मर्यादा दुपारी सहज ओलांडतो. कॉर्डलेस ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्यांच्या पुस्तिकांत बऱ्याचदा 40 अंशांची अट असते. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात उलटं होतं : पाण्यावर आधारलेले रंग आणि पांढरा-पिवळा गोंद गोठून फाटतो आणि कामातून जातो.

पेट्रोलचा कॅन आणि प्रोपेनचं नळकांडं यांना वर जागा नाहीच. दोन्हींची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खाली उतरून जमिनीलगत साचते. गॅरेजमधल्या वॉटर हीटरची ठिणगी जमिनीपासून निदान 18 इंच उंच ठेवावी, हा नियम त्याच कारणाने आला. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी तर स्वतःच तापून पेट घेऊ शकतात.

गैरसमज : छताला भोक पाडून घडीची शिडी बसवणं हे अर्ध्या दिवसाचं काम.

वस्तुस्थिती : घराला चिकटलेल्या गॅरेजचं छत हे आगीला अडवणारा पडदाही असतं. गॅरेज आणि घर किंवा त्याचा ॲटिक यांच्यामध्ये गॅरेजच्या बाजूने निदान अर्धा इंची जिप्सम बोर्ड हवा. वर राहण्याची खोली असेल तर पाच अष्टमांश इंचाचा, आगीला जास्त वेळ तोंड देणारा बोर्ड लागतो. साध्या शिडीचं पातळ प्लायवूडचं झाकण हा पडदाच फोडतं. आगरोधक झाकणाच्या शिड्या मिळतात, आणि स्थानिक बांधकाम खात्याची परवानगी काढताना तीच विचारली जाते. स्वतंत्र उभ्या असलेल्या गॅरेजला ही अट सहसा लागत नाही.

जुन्या घरात आणखी एक गोष्ट तपासायची. ॲटिकमध्ये करड्या-सोनेरी, चकचकीत खड्यांसारखा थर पसरलेला दिसला तर तो व्हर्मिक्युलाइट असू शकतो. 1990 पर्यंत अमेरिकेत विकला गेलेला बहुतांश व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबी गावच्या खाणीतून आला, आणि त्या खाणीत ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. अशा ॲटिकमध्ये सामान ठेवू नये, थर हलवू नये, असं तिथली पर्यावरण संरक्षण संस्था सांगते.

गैरसमज : जितकं वर जाईल तितकं खाली मोकळं.

वस्तुस्थिती : गॅरेजचं सात फुटी दार उघडलं की आडवं होऊन छताखालीच येतं. आठ फुटी छत असेल तर दार आणि छत यांच्यामध्ये फूटभरही जागा राहत नाही, आणि दाराच्या यंत्राची दांडी तिथूनच जाते. म्हणून मापं दार उघडं ठेवून घ्यावी लागतात. कॅलिफोर्नियासारख्या भूकंपाच्या प्रदेशात रॅकला चारही बाजूंनी कठडा हवा.

वर न्यावं ते हलकं आणि वर्षातून एक-दोनदा लागणारं : कॅम्पिंगचे तंबू, रिकाम्या सुटकेसा, नाताळची सजावट, न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या मराठी घरात गणपतीचं घडीचं मखर. एका माणसाला शिडीवर एक हात मोकळा ठेवून जे उतरवता येत नाही, ते वर नको. रोजचे पटाशी-रंधे भिंतीवर, बेंचच्या हाताशी. आणि तक्ते भिंतीलगत, जमिनीवर उभे : पाऊण इंची दहा तक्त्यांची जाडी आठ इंचांच्या आत राहते, आणि तीनशे किलो थेट काँक्रीटवर उतरतात.