नुसते वेढे वाढवून भागत नाही

लेप दिलेली तांब्याची तार लोखंडी खिळ्याभोवती गुंडाळून तिची खरवडलेली टोकं सेलला जोडली की खिळा टाचण्या उचलतो; तार सोडवली की बहुतेक टाचण्या गळून पडतात. म्हणजे ही ताकद वाहत्या विजेची. १८२० साली डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओरस्टेड यांना वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलताना दिसली होती. सगळ्या वेढ्यांचं चुंबकत्व एकमेकांत मिसळतं आणि लोखंडाचा गाभा ते कैक पटींनी वाढवतो. मग वेढे वाढवतच जावं का? नाही. तार लांबली की तिचा रोध वाढतो, त्याच सेलमधून वीज कमी वाहते आणि वेढ्यांची कमाई वाया जाते. सेल वाढवले तर? तार तापते, शिवाय एका मर्यादेपुढे लोखंडाचं चुंबकत्व फारसं वाढत नाही. म्हणून वेढे, वीज आणि गाभा या तिन्हींचा मेळ जमला, तरच चुंबक बलवान होतो.