'लेसर' घेण्यापूर्वी त्वचेचा रंग विचारात घ्या!

मीरा-भाईंदर / प्रतिनिधी

लग्नसराई जवळ आली, की मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेकडील ब्युटी पार्लर आणि स्किन क्लिनिकच्या फलकांवर 'लेसरने नको असलेले केस कायमचे काढा' अशी ओळ झळकू लागते. सहा बैठकांचे पॅकेज, आगाऊ पैसे भरल्यास सवलत. ज्या त्वचेवर हा प्रकाश पडणार ती गोरी, गव्हाळ की सावळी, हा मुद्दा मात्र फलकावर नसतो. तो ग्राहकानेच काढायला हवा.

केसातील मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य लेसरचा प्रकाश शोषते, तापते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ दुबळे होते. पण मेलॅनिन त्वचेतही असते. गोऱ्या त्वचेवरील काळा केस यंत्राला सहज सापडतो. सावळ्या त्वचेत केसाआधी त्वचाच प्रकाश शोषून घेते. परिणामी भाजणे, फोड येणे आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग.

उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते, यावरून अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये वर्गवारी केली. गंमत म्हणजे त्यात प्रथम गोऱ्या त्वचेचाच विचार होता. सावळी आणि काळी त्वचा नंतर जोडली गेली. आज मानल्या जाणाऱ्या ६ प्रकारांपैकी बहुतेक भारतीय चौथ्या वा पाचव्या प्रकारात मोडतात.

त्यामुळे यंत्र कोणते, हे महत्त्वाचे. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेसर उजळ त्वचेला मानवतो, सावळ्या त्वचेला त्यात धोका अधिक. सुमारे ८१० नॅनोमीटरचा डायोड लेसर त्वचा थंड राखून, जपून वापरल्यास गव्हाळ वर्णावर चालतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग खोलवर जातो आणि वरच्या थरातील मेलॅनिन तो कमी शोषते. गडद वर्णाला तो सर्वांत सुरक्षित. मात्र तो अधिक दुखतो आणि बारीक केसांवर त्याचा प्रभाव कमी पडतो. 'आयपीएल' हा तर लेसरच नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश मिसळलेला असतो.

त्वचेचा रंगही स्थिर नसतो. उत्तनच्या किनाऱ्यावर सुटी घालवलेल्या किंवा रोज भर उन्हात काशिमीऱ्याहून दुचाकी हाकणाऱ्या व्यक्तीचे हात रापतात. गेल्या बैठकीत सोसलेली तीव्रता पुढच्या बैठकीत पोळू शकते. रापलेपण उतरेपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

'कायमचे' हा शब्दही तपासून घ्यावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता केसांच्या कायमस्वरूपी 'घटी'ला आहे, संपूर्ण निर्मूलनाला नाही. वाढीच्या अवस्थेतील केसांवरच लेसर चालतो, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ बैठका लागतात. पांढऱ्या केसांवर तो निष्प्रभ ठरतो. बैठकीपूर्वी वॅक्सिंग, थ्रेडिंग टाळावे, रेझर चालतो.

तरुणींच्या हनुवटीवर राठ केस येत असतील, तर आधी 'पीसीओएस'ची तपासणी व्हावी. संप्रेरकांचा बिघाड कायम असेल, तर नवे केस उगवतच राहतात. शिवाय सावळ्या चेहऱ्यावर लेसरनंतर गाल-जबड्यावरील लव उलट वाढल्याचीही उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत.

पैसे भरण्यापूर्वी यंत्राची तरंगलांबी विचारावी आणि त्वचेच्या छोट्या भागावर चाचणी मागावी. सावळ्या त्वचेवर डाग उमटायला काही दिवस लागतात. चाचणी आणि पहिली बैठक एकाच दिवशी उरकू नये.