सोयाबीनला एकवीस दिवस थांबता येत नाही

२०२३चा ऑगस्ट आठवतोय? १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. मराठवाड्या-विदर्भातून शिकायला शहरात आलेल्या पोरांना त्या महिन्यात घरून आलेल्या फोनवर दुसरा विषयच नव्हता. 'एकवीस दिवसांचा खंड' हा शब्द गावोगाव चघळला जात होता, कारण पीकविम्याच्या अग्रिमाचा हिशेब त्यावर चालला होता. आपलं मंडळ बसतंय का, एक दिवस कमी तर पडत नाही ना, हीच चर्चा.

आता गंमत अशी की, सोयाबीनला हे एकवीस दिवस ठाऊकच नसतात. जुलैच्या सुरुवातीला पेरलेलं सोयाबीन ऑगस्टच्या मध्याला फुलोऱ्यात असतं. त्या अवस्थेत हलक्या रानात दहा-बारा दिवस पाणी नसलं तरी नुकसान सुरू झालेलं असतं.

होतं काय, तर मुळांना माती कोरडी लागली की झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं. त्याचा निरोप एकच: पानांवरची छिद्रं बंद करा. पाणी उडून जायचं वाचतं, पण त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार बंद म्हणजे स्वयंपाकही बंद. दुपारी सोयाबीनची पानं उलटून चंदेरी पाठ दाखवतात ना, तीही ऊन चुकवायची धडपडच.

कडधान्यांचं आणि सोयाबीनचं आणखी एक दुखणं असतं, ते ज्वारी-बाजरीला नाही. या पिकांच्या मुळांवर गाठी असतात. त्यातले रायझोबियम गटातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात आणि बदल्यात साखर घेतात. दुष्काळात हा कारखाना फार लवकर बसतो. सोयाबीनमध्ये तर बऱ्याचदा प्रकाशसंश्लेषण मंदावण्याआधीच नायट्रोजन कमी पडायला लागतो. म्हणजे पान वरून हिरवंगार दिसतं, आणि खाली उपासमार सुरू झालेली असते. बांधावरून बघून 'पीक बरं आहे' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं (सरकारी पाहणीवालेही आले त्यात!).

मग झाड खर्च कमी करतं. फुलं टाकतं. तशी सोयाबीनची अर्ध्याहून जास्त फुलं चांगल्या पावसातही गळू शकतात. ताणात उरलेलीही जातात. फुलं गेली तर शेंगांची संख्या घटते, पुढे दाणे भरताना पाणी तुटलं तर दाणा बारीक राहतो. सप्टेंबरात पाऊस परतला की रान पुन्हा टवटवीत होतं, पण गेलेल्या शेंगा काही परत येत नाहीत.

तूर मात्र चिवट. मुळं खोल, मुक्काम लांबचा, आणि एक बहर गेला तरी दुसरा धरायची तिची तयारी असते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकायची आपल्याकडची पद्धत उगाच नाही.

हरभऱ्याची गोष्ट उलटी. तो पेरला जातो तेव्हा पाऊस संपलेला असतो. जमिनीत साठलेल्या ओलीवरच त्याचा संसार. ओल संपते नेमकी घाटे भरताना. म्हणून हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये शास्त्रज्ञांनी खोल मुळांचा 'आयसीसी ४९५८' हा वाण दुष्काळासाठी अभ्यासाला घेतला आणि त्याचे गुण दुसऱ्या वाणांत उतरवायचं काम झालं. शेतात मात्र फुलोऱ्यात एक आणि घाटे भरताना एक, एवढी दोन पाणी मिळाली तरी मोठा फरक पडतो. शेततळं असेल तर ते याच दोन वेळांसाठी राखून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत.

पुढच्या पावसाळ्यात गावी गेलात आणि खंड पडला, तर एक झाड हलकेच उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे. करडी किंवा हिरवट निघाली, तर एकवीस दिवस भरायची वाट झाडाने पाहिलेली नाही.