युडोसिमा पतंगाचे झाकलेले पंख

ठाण्याच्या येऊर टेकडीवर आणि कल्याण-डोंबिवलीच्या कुंपणांवर पसरणारी गुळवेल हे युडोसिमा वंशातील पतंगांच्या अळ्यांचे खाद्य होय. लिनियसने १७६३ साली वर्णिलेली युडोसिमा फॅलोनिया ही यांतील सुपरिचित जाती. दिवसा पतंग बसला असता त्याचे पुढील पंख वाळक्या पानासारखे भासतात. मागील पंखांचा नारिंगी रंग व त्यांवरील काळी खूण त्यांखाली पूर्णपणे झाकलेली असते. पक्ष्याने छेडताच हा रंग एकदम उघडा पडतो व भक्षक क्षणभर बिचकतो. पतंग पुन्हा बसला की रंग नाहीसा होतो, आणि पक्षी मात्र नारिंगी वस्तूच शोधीत राहतो. हा रंग सदैव दिसता, तर पक्ष्यास त्याची सवय झाली असती.

मराठवाडा-विदर्भातील मोसंबी-संत्र्याच्या बागांत हेच पतंग रात्री उतरतात. तेथे त्यांस ‘रस शोषणारा पतंग’ म्हणतात. हे नाव अपुरे आहे. इतर पुष्कळ पतंग आधीच फुटलेल्या फळातील रस केवळ पितात. युडोसिमाची सोंड टोकाशी कठीण व दातेरी असल्याने ती फळाची साल स्वतः भेदते. त्या छिद्रातून बुरशी शिरते व फळ गळते. अळी मात्र फळझाडावर नसतेच. ती वेलीवर वाढते. म्हणून बागेभोवतीची गुळवेल व वासनवेल उपटावी, असा सल्ला दिला जातो. औषधासाठी गुळवेल मुद्दाम लावणाऱ्यास तो रुचणे अर्थातच कठीण.