तपासणीनंतर काय?

गर्भाशयमुखाचा कर्करोग घाईने येत नाही. ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्याही पेशी बिघडून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. एवढ्या मुदतीत पॅप तपासणी होऊन बिघडलेला भाग काढला गेला, तर पुढचा अनर्थ सहसा टळतो. जॉर्ज पापानिकोलाऊ यांची ही तपासणी १९४० च्या दशकापासून अमेरिकेत रुजत गेली आणि या रोगाने होणारे मृत्यू तिथे मोठ्या प्रमाणात घटले. तरीही त्याच देशात लॅटिनो स्त्रियांमध्ये या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक आहे, आणि मेक्सिको किंवा मध्य अमेरिकेतून आलेल्या, विमा नसलेल्या स्त्रिया तपासणीत मागे राहतात. याचे एक तयार उत्तर आरोग्यक्षेत्रात वर्षानुवर्षे फिरते आहे: ‘फातालिस्मो’, म्हणजे दैववाद. कर्करोग ही देवाची मर्जी, मग तपासून काय उपयोग, असे या स्त्रिया मानतात म्हणे. हे उत्तर साफ खोटे नाही. पण ही समजूत कशावर टिकून आहे ते पाहिले, की दोष वेगळ्याच ठिकाणी निघतो.

या समजुतींचा बारकाईने शोध घेतला तो मानववंशशास्त्रज्ञ लिओ चावेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत. हा रोग कशाने होतो, असे त्यांनी मेक्सिकन आणि साल्वादोरी स्थलांतरित स्त्रियांना, गोऱ्या स्त्रियांना आणि डॉक्टरांनाही विचारले. स्थलांतरित स्त्रियांच्या यादीत अनेक पुरुषांशी संबंध, गर्भपात, पाळीच्या दिवसांतला संबंध, अस्वच्छता अशी कारणे होती. रोग म्हणजे जणू वागणुकीचा हिशेब. पण अनेक जोडीदार हे कारण डॉक्टरांच्याही यादीत ठळक होते. दवाखान्यात जे जोखमीचे गणित म्हणून सांगितले जाते, ते घरी चारित्र्याचा दाखला म्हणून पोहोचते. मग एकाच नवऱ्याशी संसार केलेली बाई साहजिकच समजते की हा रोग आपल्या वाट्याचा नाही. एचपीव्ही नवऱ्याच्या आधीच्या संबंधांतूनही येऊ शकतो आणि त्याची कसलीही खूण दिसत नाही, हे तिला सांगायचे राहून जाते. उलट ‘तपासून घे’ हा सल्लाच तिला आरोपासारखा लागतो. अडथळा इथे आहे खरा, पण त्यात दैवापेक्षा लाजेचा वाटा मोठा आहे, आणि ती लाज वाढवायला अर्धवट सांगितलेले विज्ञानही हातभार लावते.

आता दैववादाकडे वळू. कर्करोग झाला म्हणजे संपले, ही भीती अनाठायी ठरते ती उपचार मिळत असेल तरच. अमेरिकेतल्या १९९६ च्या कायद्याने कायदेशीर स्थलांतरितांपैकीही बहुतेकांना मेडिकेड या सरकारी विम्यासाठी पाच वर्षे थांबायला लावले. २०१० च्या आरोग्य कायद्याने उभारलेल्या विमाबाजारात कागदपत्रे नसलेल्यांना स्वतःच्या पैशानेही विमा घेता येत नाही. गरीब स्त्रियांसाठी १९९१ पासून स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्यात निदान झालेल्यांना मेडिकेडमधून उपचार देण्याची सोय २००० च्या कायद्याने केली, पण तिथेही स्थलांतराच्या दर्जाची अट आलीच. काही राज्ये स्वतःच्या तिजोरीतून ही पोकळी भरतात, सगळी भरत नाहीत. म्हणजे तपासणी मिळते, तिच्यात काही सापडले तर पुढचा भरवसा नाही. अशा वेळी ‘न कळलेलेच बरे’ म्हणणारी स्त्री अंधश्रद्ध नसते, तिने परिस्थिती नीट वाचलेली असते. संशोधकांनीही २००७ मध्ये बजावले होते की गरिबी आणि सेवेचा अभाव बाजूला ठेवून मोजलेला दैववाद फसवा असतो.

यावर कोणी म्हणेल, तपासणी तर फुकट आहे ना, मग तेवढ्यासाठीही बायका का येत नाहीत? म्हणजे शेवटी आडवी येते ती समजूतच. या आक्षेपाचे उत्तर ‘आमिगास’ या प्रयोगात सापडते. टेक्सासमधील एल पासो आणि ह्यूस्टन, तसेच वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोरे इथे, तीन वर्षांत पॅप तपासणी न झालेल्या मेक्सिकन वंशाच्या ६१३ स्त्रिया त्यात होत्या. त्यांच्याच समाजातली, त्यांच्याच स्पॅनिशमध्ये बोलणारी ‘प्रोमोतोरा’ म्हणजे आरोग्यसखी त्यांच्यातल्या एका गटाला भेटली, चित्रफीत आणि चित्रांचा तक्ता दाखवून बोलली, अडचणींवर वाट काढायला मदत केली. पुढे या गटातल्या ५२ टक्के स्त्रियांनी तपासणी झाल्याचे सांगितले, भेट न झालेल्या गटातल्या २५ टक्क्यांनी. पिढ्यान्‌पिढ्यांची म्हणून सांगितली जाणारी समजूत अशा भेटीने एवढी हलत असेल, तर ती मुळात फार पक्की नव्हती. तपासणी आहे, पण तिच्यापर्यंत हात धरून नेणारे कोणी नाही, हीच बऱ्याच जणींची अडचण होती.

उरलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रिया मात्र सखी भेटूनही गेल्या नाहीत, हेही प्रामाणिकपणे मांडायला हवे. गोड बोलणाऱ्या सखीमुळे बुडालेली रोजंदारी भरून निघत नाही, की परपुरुषापुढे तपासणीच्या टेबलावर झोपण्याचा संकोच पुरता जात नाही. संकोचावर आता तोड निघाली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२४ मध्ये, स्त्रीने दवाखान्यात स्वतःच घेतलेल्या नमुन्यावर एचपीव्ही चाचणी करायला मान्यता दिली. या चाचणीची ताकद जगाला पटवण्यात आपल्या धाराशिवचाही वाटा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले, की एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. पण तिथेही नुसती चाचणी करून बायकांना घरी पाठवले नव्हते; दोष आढळलेल्यांच्या पुढच्या तपासणीची आणि उपचारांची सोय त्या कामातच होती. अमेरिकेने साधन सोपे केले, ही सोय मात्र कागदपत्रांवर टांगलेली ठेवली. ‘तपासून काय उपयोग?’ या प्रश्नात ज्यांना फक्त दैववाद ऐकू येतो, त्यांनी तो पुन्हा एकदा ऐकावा. काही निघालेच तर उपचार कोण करणार, एवढेच ती बाई विचारते आहे.